नादाची ठेव

मूर्तिकार जातो, त्याने घडविलेली मूर्ती शतकानुशतके उभी राहते. चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, कवीची कविता पुस्तकात राहते. वादकाला मात्र हे भाग्य सहजासहजी लाभत नाही. तबल्यावर थाप पडते, नाद उमटतो, क्षणभर घुमतो आणि हवेत विरून जातो. ज्याने तो ऐकला त्याच्या मनात त्याची आठवण राहते. पण ऐकणाराही एके दिवशी जातो आणि त्याच्याबरोबर ती आठवणही जाते. ही गोष्ट किती हानिकारक आहे, हे महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

गायनाचार्य भास्करबुवा बखले हे आपल्या काळातील अग्रगण्य गवई होते. १९११ साली त्यांनी पुण्यास भारत गायन समाजाची स्थापना केली. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य त्यांनी तयार केले. 'संगीत स्वयंवर' या नाटकातील पदांच्या चाली त्यांच्याच. परंतु १९२२ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या गळ्याचा एकही सूर मागे राहिला नाही. त्यांचे गाणे कोणी मुद्रित करून ठेवले नव्हते. जयपूर-अत्रौली घराण्याचे संस्थापक अल्लादिया खाँ यांचीही गोष्ट तीच. १९४६ साली वयाच्या नव्वदीनंतर ते वारले. कोल्हापुरात त्यांचा पुतळा आहे. परंतु ज्या गाण्यासाठी पुतळा उभारला, ते त्यांच्या तोंडचे गाणे आज कोणालाही ऐकावयास मिळत नाही. शिष्यांचे गाणे ऐकून गुरूची कल्पना करावी, एवढेच आपल्या हाती उरले आहे.

नाद पकडून ठेवण्याचे साधन त्या काळी नव्हते काय? होते. अमेरिकेत एडिसनने १८७७ सालीच बोलणारे यंत्र तयार केले होते. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा एक तंत्रज्ञ ग्रामोफोन कंपनीच्या वतीने कलकत्त्यास आला आणि भारतातील गायकांचे आवाज तबकड्यांवर उतरू लागले. प्रारंभी त्या तबकड्या जर्मनीत छापून येत. पुढे १९०८ साली कलकत्त्यासच कारखाना निघाला. परंतु या तबकडीला मोठ्या मर्यादा होत्या. तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच वादन मावे. जो गवई एक राग तासभर फुलवीत असे, त्याला तो तीन मिनिटांत आटोपावा लागे. ही अट अनेक थोर कलावंतांना मानवली नाही.

तबलजीची तर याहूनही अधिक उपेक्षा झाली. विजेचा ध्वनिग्राहक प्रचारात येण्यापूर्वी, म्हणजे सुमारे १९२५ पर्यंत, गाणाराला एका मोठ्या कर्ण्यापुढे तोंड करून गावे लागे. तो कर्णा गळ्यातील सूर बऱ्यापैकी टिपी; पण डग्ग्याचा खर्जातील गंभीर घुमार त्याच्या पकडीत येत नसे. त्यामुळे जुन्या तबकड्यांत चाटीची टकटक ऐकू येते आणि डग्गा जणू मुका झालेला असतो. शिवाय तबकडीच्या मधल्या कागदावर गायकाचे नाव ठळक अक्षरांत छापले जाई. साथ करणाराचे नाव बहुधा नसेच. कितीतरी कुशल तबलजी आपल्या वादनाची खूण मागे ठेवून गेले. परंतु ते कोण होते, हे आज सांगता येत नाही.

मग तालाची विद्या टिकली तरी कशी? ती टिकली मुखाने आणि हाताने. आपल्याकडे प्रत्येक आघाताला बोल आहे. 'धा', 'धिं', 'ता', 'तिं' अशा बोलांतून वादनाची जणू एक भाषाच तयार झाली आहे. गुरू बोल म्हणे, शिष्य तो पाठ करी आणि मग हाताने काढी. पुढे हे बोल वह्यांतून लिहिले जाऊ लागले. मुंबईत उस्ताद अमीर हुसेन खाँ यांनी अनेक शिष्यांना ही विद्या दिली. त्यांचे एक शिष्य अरविंद मुळगावकर यांनी १९७५ साली 'तबला' हा मराठी ग्रंथ लिहून या विद्येची मोलाची नोंद करून ठेवली.

परंतु लिहिलेला बोल म्हणजे वाजविलेला बोल नव्हे. तीनतालाच्या सोळा मात्रा कागदावर मांडता येतात. पण 'धा' किती जोराने वाजवावा, डग्ग्यावर मनगट किती दाबून नाद किती ओढावा, समेवर येण्यापूर्वी किंचित किती थांबावे, हे कोणत्या अक्षराने लिहावे? पाककृती वाचून पोट भरत नाही, तसे बोल वाचून कान तृप्त होत नाहीत.

ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली ती ध्वनिफितीने. प्लास्टिकच्या अरुंद पट्टीवर लोहभस्माचा पातळ थर दिलेला असतो. आवाजाच्या कंपनांचे विजेच्या लहरींत रूपांतर होते आणि त्या लहरींनुसार त्या लोहकणांवर चुंबकीय खुणा उमटतात. फीत पुन्हा यंत्रातून फिरविली म्हणजे त्याच खुणांतून आवाज प्रकट होतो. प्रारंभीची यंत्रे अवजड व महागडी होती; ती नभोवाणी केंद्रांत आणि थोड्याच धनिक रसिकांच्या घरी असत. १९६३ साली फिलिप्स कंपनीने तळहातावर मावेल एवढी कॅसेट काढली. पुढील पंधरावीस वर्षांत ती खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. एका कॅसेटीवर साठ किंवा नव्वद मिनिटांचे वादन मावू लागले. ध्वनिमुद्रण ही आता केवळ कंपनीची मिरास राहिली नाही. ज्याच्या घरी ते छोटे यंत्र होते, त्याला आपल्या घरातच नाद साठविता येऊ लागला.

याचा लाभ सर्वांत अधिक कोणाला झाला असेल, तर तो तालवादकाला. पुसद किंवा वणी यांसारख्या गावी राहणारा एखादा तबलजी डोळ्यांसमोर आणावा. दिवसा तो शाळेत किंवा कचेरीत काम करतो. सायंकाळी त्याच्या ओसरीवर मित्र जमतात. एकजण पेटी घेऊन येतो, एकजण गातो, एखादा बासरी वाजवितो. कोणी तिकीट काढलेले नसते, कोणाला मानधन मिळावयाचे नसते. सतरंजीच्या कडेला ठेवलेल्या यंत्राची कळ दाबली जाते आणि वादन सुरू होते. रात्र संपते, मित्र घरोघर जातात. कॅसेट मात्र कपाटात जाते. तिच्या शेजारी दुसरी येते, तिसरी येते. वीस-पंचवीस वर्षांनी पाहावे, तो एक लहानसे संग्रहालयच तयार झालेले असते. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत असे डबे आहेत. त्यांतील पुष्कळांवर धूळ साचली आहे.

अशा घरगुती ध्वनिमुद्रणांत दोष असतातच. मध्येच कोणी खोकतो, स्वयंपाकघरात भांडे पडते, रस्त्यावरून एस. टी. जाते. एखादी तान फसते, एखादा तुकडा समेवर पोहोचत नाही आणि सारे हसतात. तथापि हे दोषच त्या ठेव्याचे मोल वाढवितात. सभागृहातील कार्यक्रमात कलावंत पक्के केलेले तेवढेच सादर करतो. मित्रांच्या संगतीत तो नवे काही करून पाहतो. हातोडीने तबल्याच्या गठ्ठ्यांवर ठोकून सूर कसा जुळविला, गवयाने कोणत्या लयीचा ठेका मागितला, तबलजीने ती लय किंचित कशी उतरविली, फसलेला तुकडा दुसऱ्यांदा कसा साधला, हे सारे त्या फितीत उतरलेले असते. कार्यक्रमात फळ दिसते. येथे मशागत दिसते. शिकू पाहणाऱ्याला या मशागतीचे दर्शन अधिक उपयोगी पडते.

याचे उदाहरण विदर्भातच आहे. डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गायनाचे धडे घेतले. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांची कीर्ती घरोघर पोहोचली. गवई म्हणून ख्यात असलेले वसंतराव तबलाही उत्तम वाजवीत. म्हणूनच लयीशी खेळणे हा त्यांच्या गाण्याचा विशेष होता. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा पेटी वाजविणारा जिवलग मित्र त्यांना लाभला होता. १९८३ साली वसंतराव गेले. त्यांच्या तबकड्या आहेत. परंतु त्यांचे मोकळे, आयत्या वेळी सुचत जाणारे गाणे ज्याला ऐकावयाचे असेल, तो रसिकांनी बैठकींत मुद्रित करून जपलेल्या गाण्याकडेच वळतो. भास्करबुवांच्या पिढीला जे लाभले नाही, ते या पिढीला लाभले, याचे पुष्कळसे श्रेय अशा हौशी संग्राहकांना आहे.

येथपर्यंत तबल्याचा विचार झाला. परंतु ताल काही केवळ तबल्यातच नांदतो असे नाही. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या आश्रयाने वसलेल्या यवतमाळ जिल्ह्यात चर्मवाद्यांचे केवढे वैभव आहे! पोळ्याच्या दिवशी बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात आणि सनईबरोबर डफडे कडाडते. होळीच्या दिवसांत पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील बंजारा तांड्यांवर डफाच्या साथीने लेंगी गीते रंगतात. मोठ्या डमरूसारखे दिसणारे डाहाक हे वाद्य घेऊन विदर्भातील जुने गायक डहाके गात आले. दिवाळीच्या सुमारास गोंड वस्त्यांत दंडारीचा ढोल वाजतो. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतील कोलामांच्या पोडांवर ढोलाच्या तालावर स्त्री-पुरुष फेर धरून नाचतात. आणि खंजिरी तर विदर्भाच्या घराघरांतील! शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने भजने गाऊन गावेच्या गावे जागी केली.

या वाद्यांचे बोल कोणत्याही ग्रंथात पुरतेपणी लिहिलेले नाहीत. त्यांना घराण्यांची नावे नाहीत, त्यांच्या वादकांचे पुतळेही नाहीत. कोलामांची कोलामी भाषा द्राविड कुळातील आहे. तिला स्वतःची लिपी नाही आणि तिची गाणी ढोलाशी जोडलेली आहेत. एखाद्या पोडावरील वृद्ध ढोलवादक गेला आणि त्याच्यापासून कोणी शिकले नसले, तर एक वाजविण्याची तऱ्हा त्याच्याबरोबर कायमची जाते. लग्नात, मिरवणुकीत आता विजेची वाद्ये आली, मोठमोठे ध्वनिवर्धक आले. नवे येणारच, त्याचा खेद करण्याचे कारण नाही. परंतु नव्याच्या गलबल्यात जुने न ऐकताच नाहीसे व्हावे, ही मात्र खेदाचीच गोष्ट होय. भास्करबुवांच्या बाबतीत जी चूक झाली, ती या वादकांच्या बाबतीत पुन्हा होऊ नये.

तेव्हा मुद्रण केले म्हणजे काम झाले काय? नाही. नाव नसलेली कॅसेट ही पत्ता नसलेल्या पत्रासारखी असते. ती कोणी वाजविली, कोठे, कोणत्या दिवशी, साथीला कोण होते, कोणता ताल वा कोणते गीत होते, ही माहिती तिच्यावर लिहिलेली नसेल, तर पन्नास वर्षांनी ऐकणाराला केवळ आवाज ऐकू येईल. माणूस भेटणार नाही. जुन्या तबकड्यांवरील अनाम तबलजींवर जो अन्याय झाला, तोच अन्याय आपण आपल्या मित्रांवर करू.

नोंद कशी ठेवावी याचा आदर्श महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्यास राहून खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. या संग्रहाचे खरे मोठेपण संख्येत नाही. ओवी कोणी गाइली आणि गाणारी कोणत्या गावची, हे त्यात नोंदलेले आहे. ज्या बाईचे नाव तिच्या गावाबाहेर कोणास ठाऊक नव्हते, तिचे नाव तिच्या ओवीबरोबर कायमचे राहिले.

नोंदीनंतर जपणूक येते. ध्वनिफीत नाजूक असते. पावसाळ्याच्या दमट हवेत तिला बुरशी लागते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली फीत वाकडी होते, तिचा थर सुटू लागतो. चुंबकाजवळ ठेवली, तर तिच्यावरील खुणाच पुसल्या जातात. म्हणून ती थंड, कोरड्या जागी उभी ठेवावी आणि वेळ न दवडता तिची नवी प्रत संगणकावर करून घ्यावी. प्रतही एकच नसावी. निदान दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात. बियाणे एकाच कणगीत ठेवू नये, हा शेतकऱ्याचा शहाणपणा येथेही लागू पडतो. खासगी संग्रहांतील अशी ध्वनिमुद्रणे सांभाळण्यासाठी संस्थाही निघाल्या आहेत. १९६९ साली मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र स्थापन झाले. तेथे अनेक थोर कलावंतांचे वादन व गायन जतन करण्यात आले. १९८२ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने पुण्यात संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे एक संशोधन-केंद्र सुरू केले. ते पुढे दिल्लीजवळ गुरुग्राम येथे गेले. संशोधकांनी हिंडून केलेली मुद्रणे तेथे ठेव म्हणून स्वीकारली जातात.

'ठेव' हा शब्द येथे फार अर्थपूर्ण आहे. ठेव आपल्याजवळ असते, पण ती आपली नसते. मित्राने विश्वासाने गाइलेले गाणे त्याला न विचारता बाजारात विकणे किंवा चारचौघांत वाजविणे हा विश्वासघात होय. एखाद्याची फसलेली तान हसण्यासाठी इतरांना ऐकविणे हेही योग्य नव्हे. विधीच्या वेळची काही गाणी परक्यांनी ऐकू नयेत, अशी काही समाजांची भावना असते. तिचाही मान राखला पाहिजे. म्हणून मुद्रण करण्यापूर्वी अनुमती घ्यावी, झाल्यावर वादकाला ते ऐकवावे आणि शक्य असल्यास त्याची प्रत त्याला द्यावी. ज्याचा नाद घेतला, त्याला त्याचा वाटा पोहोचला पाहिजे.

आज नाद साठविण्यासाठी अवजड यंत्र लागत नाही, कॅसेटही लागत नाही. घरोघरी असलेल्या भ्रमणध्वनीत ती सोय आहे. एडिसनला जे स्वप्नवत वाटले असते, ते आज शाळकरी मुलाच्या हाताशी आहे. उणीव आहे ती साधनाची नव्हे, कान देण्याची. गावातील भजनी मंडळात मृदंग वाजविणारे आजोबा, पोळ्याला डफडे वाजविणारे काका, तांड्यावरील लेंगी गाणारे गडी, पोडावरील ढोलवादक ही सारी माणसे आपल्या अवतीभोवतीच आहेत. त्यांच्याजवळ आदराने बसावे, त्यांचे वाद्य कसे तयार होते ते विचारावे, त्यांचे वादन लक्षपूर्वक ऐकावे, त्यांच्या संमतीने ते मुद्रित करावे आणि त्याखाली त्यांचे नाव, गाव व दिनांक नीटपणे लिहावा. एवढे केले, तर तीस-चाळीस वर्षांनी जन्मणाऱ्या मुलालाही तो ढोल ऐकता येईल, आणि तो कोणी वाजविला हेही त्याला कळेल.

स्वाध्याय

१. भास्करबुवा बखले यांचे गाणे आज आपणांस का ऐकावयास मिळत नाही?
२. जुन्या तबकड्यांमुळे तबलावादकांवर कोणते दोन अन्याय झाले?
३. 'कार्यक्रमात फळ दिसते. येथे मशागत दिसते.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. ध्वनिमुद्रणाला 'ठेव' का म्हटले आहे? ठेव सांभाळणाराची कर्तव्ये लिहा.
५. तुमच्या गावातील एका वादकाला भेटा. त्यांचे वाद्य, त्यांना ते शिकविणारे गुरू आणि वादनाचे प्रसंग यांविषयी माहिती मिळवून दहा ओळी लिहा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा.